लाईट गेल्यावर विहिरीचं पाणी : कामाच्या नोंदी

३ मार्च

काल दुपारी साडेतीनला लाईट गेली ती आज संध्याकाळी साडेपाचला आली, सरळ २६ तास. वादळात खांब आडवा झाला होता आणि माणसं रात्रभर दुरुस्तीला लागलेली होती, त्यामुळे कोणाला बोलण्यात अर्थ नव्हता. टाकी मुळातच अर्धी होती, रात्री नऊला नळातून फुर्रफुर्र हवा यायला लागली आणि सगळं थांबलं. घरात चौघं, त्यात आई ७१ वर्षांची, आणि अंगणात भरलेली विहीर.

पोहरा नव्हता घरात. प्लास्टिकची बादली दोरीला बांधून सोडली तर ती पाण्यावर नुसती तरंगत राहिली, कितीही हिसके दिले तरी आडवी होईना. शेवटी बादलीच्या काठाला एका बाजूला दगड बांधला तेव्हा ती कलली आणि भरली. वर येईपर्यंत निम्मी हिंदकळून सांडली. पाचव्या खेपेला दोरी तळहातातून सर्रकन सरकली, दोन्ही तळव्यांची सालं निघाली आणि बादली खाली गेली ती गेलीच. सकाळी शेजारच्या काकांकडून गळ आणून ती काढली. काका पूर्वी फिटर होते, ते म्हणाले, "पाण्यासाठी असं मध्यरात्री विहिरीवर वाकून उभं राहायचं नाही, पाय घसरला तर काय करशील?" त्यांचं बरोबर आहे. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की आई टॉर्च धरून शेजारी उभी होती आणि मी नसते तर तिला हे काहीच जमलं नसतं.

म्हणून हे काम हातात घेतलंय. अट एकच ठेवली आहे : मी घरात नसताना, अंधारात, आईला एकटीला वाकल्याशिवाय एक बादली पाणी काढता आलं पाहिजे.

५ मार्च

आधी मोजमाप, बाकी सगळं नंतर. सुतळीला अर्धा किलोचं वजन बांधून दर मीटरला गाठ मारली आणि सोडली. कठड्यापासून पाण्यापर्यंत ९.६ मीटर, तळापर्यंत १४.२ मीटर. म्हणजे पाणी ४.६ मीटर खोल. विहिरीचा आतला व्यास २.४ मीटर, गुणाकार केला तर जवळजवळ २०,८०० लिटर होतात. वीस हजार लिटर पाणी घरापासून दहा पावलांवर आणि आम्ही रात्री चूळ भरायला पाणी मोजून घेत होतो.

दुसरा हिशोब लागतं किती याचा. पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, संडास सगळं धरून काटकसरीने माणशी ५० लिटर, चौघांचे २००. हे २०० लिटर दहा मीटर वर उचलायला ताकद किती लागते ते काढलं तर साधारण २० हजार ज्यूल, म्हणजे ७५ वॅटचा पंखा साडेचार मिनिटं फिरला तर जेवढी वीज खाईल तेवढं काम. यावर मी बराच वेळ विचार करत बसले. एवढंसं काम आहे, ते माणसाच्या हाताला जड असायचं कारण नाही, फक्त हात नीट लागला पाहिजे. बादलीने उपसताना कष्ट पाण्याचे कमी आणि वाकण्याचे, पकडण्याचे, हिंदकळण्याचे जास्त होते.

८ मार्च

ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांनी इन्व्हर्टर सुचवला. आहे आमच्याकडे, ९०० व्हीएचा, आणि बॅटरी १५० एएचची. विहिरीत १ एचपीची ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी, मोटर आहे. आज काका होते शेजारी म्हणून त्यांच्या देखरेखीखाली एकदा लावून बघितली, अर्ध्या सेकंदात ओव्हरलोडचा लाल दिवा आणि बंद. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट हे मोटर बाहेर देते तेवढं, आत खेचते ११०० वॅटच्या आसपास, आणि चालू होताना पहिल्या क्षणाला नेहमीच्या करंटच्या पाचसहा पट ओढते. तो झटका छोट्या इन्व्हर्टरला झेपत नाही. गंमत नाही, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की बॅटरीत साठा भरपूर आहे, १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १.८ युनिट, आणि अख्खी १००० लिटरची टाकी भरायला आमच्या मोटरला वीसेक मिनिटं, म्हणजे अर्धा युनिटही लागत नाही. साठा आहे, पण एकदम ओतायची ताकद नाही.

जनरेटर चालेल, तीन केव्हीएच्या वरचा घेतला तर. पण मग पेट्रोल साठवा, महिन्यातून एकदा चालवून ठेवा, आणि तो आईला दोरी ओढून सुरू करता येणार नाही. माझी अटच मोडते. कोणी घेतलाच तर दोन गोष्टी जीवावर बेतणाऱ्या आहेत त्या इथे लिहून ठेवते. एक, जनरेटर घराबाहेर, खिडक्यांपासून लांबच ठेवायचा आणि विहिरीत तर कुठलंही इंजिन उतरवायचंच नाही, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. दोन, जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये उलटी खोचायची नाही, मधे चेंजओव्हर स्विच (बाहेरची लाईन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा) पाहिजेच, नाहीतर तो करंट बाहेरच्या तारेत जातो आणि खांबावर चढलेला लाईनमन त्यात जातो.

सोलरचा डीसी पंप चांगला आहे, पुढेमागे बघू. आमची लाईट मात्र नेहमी ढग आणि वाऱ्यातच जाते.

१३ मार्च

हातपंपाचा प्रयोग फसला, सविस्तर लिहिते कारण ही चूक कोणीही करेल. काकांकडे जुना हातपंप पडून होता, वरती दट्ट्या असणारा, खाली नुसता पाइप सोडायचा. वॉशर नवीन घातला, सगळ्या जोडांना टेफ्लॉन टेप, खाली फुटव्हॉल्व्ह (पाइपातलं पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप), वरून पाणी ओतून प्रायमिंग केलं. हँडल मारतोय मारतोय, पाणी नाही. हँडल खाली दाबून सोडलं की ते आपोआप परत वर ओढलं जायचं, जणू खालून कोणी धरून ठेवलंय. काकांना वाटलं हवा घेतोय कुठेतरी, म्हणून परत सगळे जोड खोलून बांधले. परत तेच.

हवा घेत नव्हताच. हँडल परत ओढलं जातंय म्हणजे आत निर्वात पोकळी होतेय, म्हणजे जोड उलट अगदी घट्ट आहेत. पाणी ओढलं जात नसतं मुळात, बाहेरची हवा त्याला खालून ढकलते, आणि हवेचा दाब समुद्रसपाटीला जास्तीत जास्त १०.३ मीटरचा पाण्याचा खांब पेलू शकतो. तो पण परिपूर्ण पंपाला. प्रत्यक्षात गळती, घर्षण, उंचीवरची विरळ हवा हे धरून सातेक मीटरच्या पुढे वरून ओढणारा कुठलाच पंप भरवशाचा नाही, मग तो हाताचा असो नाहीतर मोटरचा. आमचं पाणी ९.६ वर. पहिल्या दिवशी मोजलेला आकडा वहीत होता आणि तरी दोन दिवस गेले.

यातून एक पक्कं झालं. पाणी वरून ओढायचं नाही, खाली जाऊन उचलून आणायचं.

१६ मार्च

दोर-पंप करायचं ठरलं. कल्पना अशी : एक गोल जोडलेला दोर, त्यावर दर मीटरला एक रबरी चकती. वर चाक, खाली पाण्यात एक गुळगुळीत वळण. दोराची एक बाजू मोकळी खाली जाते आणि दुसरी बाजू पीव्हीसी पाइपातून वर येते. चाक फिरवलं की प्रत्येक चकती तिच्या डोक्यावरचं पाणी उचलत पाइपातून वर आणते. व्हॉल्व्ह नाही, प्रायमिंग नाही, सीलबंद काही नाही. सात मीटरची मर्यादा लागू होत नाही कारण इथे पाणी ढकललं जात नाहीये, चकतीवर बसून येतंय. चीनमध्ये साखळीला फळ्या लावून पाणी चढवण्याची पद्धत फार जुनी आहे, आणि हा दोर-पाइपवाला साधा प्रकार १९८० आणि १९९०च्या दशकांत मध्य अमेरिकेत निकाराग्वात खेडोपाडी घरोघर बसवला गेला. तिथे चालला तो घरच्या बायकामुलांच्या हातांनी. मला तेच हवं आहे.

पाइपाचा साधा आडाखा असा की १० मीटरपर्यंत १ इंची, २० मीटरपर्यंत पाऊण इंची, त्याहून खोल असेल तर अर्धा इंची. खोली वाढली की पाइप बारीक करायचा म्हणजे दोरावरचं ओझं तेवढंच राहतं. मी १ इंची घेतला, बाहेरून ३२ मिमी आणि आतून मोजला तर २८ मिमी.

२१ मार्च

चाक आणि स्टँड. गाडीच्या जुन्या टायरच्या दोन्ही कडा, रिमवर बसतात त्या, कापून काढल्या. कापताना कडेत पोलादी तार असते तिला हात लावायचा नाही, तिच्या बाहेरून रबर कापायचं, चाकूला साबणाचं पाणी लावत राहिलं की सरकतो. दोन कडा पाठीला पाठ लावून बोल्ट केल्या की मधे व्ही आकाराची खाच तयार होते आणि दोर त्यात अडकून बसतो. दोर बसतो तिथला व्यास ४० सेंमी, म्हणजे एका फेरीत दोर साधारण १२६ सेंमी सरकणार.

आस जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचा. बेअरिंग घेतलं नाही, काकांनी कठीण लाकडाचे दोन ठोकळे भोक पाडून दिले आणि ते रात्रभर तेलात बुडवून ठेवले. म्हणाले, "इथे फेरे कमी आणि पाण्याचा ओलावा जास्त, लोखंडी बेअरिंग गंजून बसेल, लाकूड तेल पिऊन वर्षं काढेल." हँडल ३० सेंमीचं. कठडा ६० सेंमी उंच आहे, आस त्याच्या वर ४५, म्हणजे जमिनीपासून एक मीटर पाच. आईला उभं करून, तिचा हात हवेत गोल फिरवून, तेव्हा कुठे ही उंची ठरवली. ती म्हणाली, "अजून थोडं खाली घे, खांदा उचलावा लागतोय." आधी ११५ धरलं होतं, ते १०५ केलं.

२७ मार्च

चकत्या. वाटतं तेवढं सोपं नाही आणि सगळा पंप यांच्यावरच आहे. पाइप आतून २८ मिमी, चकती २८ केली तर अडकते, २६ केली तर बाजूने पाणी गळतं. टायरच्या बाजूच्या रबरातून कापल्या, जीआय पाइपाचा तुकडा एका टोकाला ग्राइंडरने धार लावून पंच केला, खाली लाकडाचा आडवा ओंडका, वर हातोडा. पहिल्या ३० चकत्या २६ मिमीच्या निघाल्या. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) आणून नीट मोजायला पाहिजे होतं, पट्टीने मोजलं.

दोर ६ मिमी नायलॉन. प्रत्येक चकतीच्या वर एक गाठ खाली एक गाठ, दर मीटरला. लेक शाळेतून आल्यावर बसला होता माझ्याबरोबर, त्याने २८ पैकी १९ चकत्यांच्या गाठी मारल्या.

३१ मार्च

पाइप जोडले. तीन-तीन मीटरचे चार आणि एक तुकडा, म्हणजे चार जोड. खालच्या टोकाला तोंड फुगवावं लागतं, तुतारीसारखं, नाहीतर चकती आत शिरताना काठाला आपटते. पाइपाचं टोक हीटगनने मऊ करून काचेच्या बाटलीच्या खांद्यावर हळूच दाबलं, लगेच ओलं फडकं गुंडाळलं. हे अंगणात केलं, तापलेल्या पीव्हीसीचा धूर नाकात जाऊ द्यायचा नाही आणि पाइप काळा पडेपर्यंत तापवायचा नाही.

खालचं वळण म्हणजे सिमेंट काँक्रीटचा छोटा ठोकळा, त्यात जाड काचेची बाटली आडवी बसवलेली, दोर तिच्या खालून वळतो. काच गुळगुळीत म्हणून दोर झिजत नाही. ठोकळा पाइपालाच बांधला आहे आणि कठड्यापासून १३.२ मीटरवर लटकतो, तळापासून मीटरभर वर, म्हणजे गाळ ढवळायला नको. मोटरचा पाइप आणि केबल आधी विहिरीच्या पलीकडच्या बाजूला ओढून बांधून घेतली, हे विसरलं तर दोर केबलला घासत राहील.

सगळं वरूनच सोडलं. विहिरीत कोणीही उतरलं नाही आणि उतरायचंही नाही, जुन्या विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, माणूस शिडीवरच भोवळ येऊन पडतो आणि वाचवायला गेलेला दुसराही.

१ एप्रिल

पाणी आलं!! आठ-दहा फेऱ्या काहीच नाही, नुसता पाइपात घुर्रघुर्र आवाज खालून वर सरकत येतोय, तो आवाज ऐकायला सगळे कठड्याभोवती गोळा झालो, आणि मग एकदम भळाभळा. पण बाहेर पडायच्या टोटीतून नाही तर पाइपाच्या वरच्या तोंडातून, चाकावर, माझ्या तोंडावर, सगळीकडे. वरचा टी (तीन तोंडांचा जोड) पाइपाच्याच मापाचा लावला होता, पाणी वेगात येतं आणि चकती त्याला टीच्या पुढे घेऊन जाते. तिथे पाइप एकदम रुंद पाहिजे, म्हणजे पाणी चकतीच्या बाजूने सुटून टोटीकडे पडेल. २ इंची टी आणि रिड्यूसर (जाड पाइपाला बारीक जोडणारा तुकडा) लावला, झालं.

मोजलं. २० लिटरच्या बादलीला ४४ फेऱ्या. हिशोबाने एका फेरीला ७७५ मिली यायला हवं, आलं ४५५. बाकीचं चकत्यांच्या कडेने परत विहिरीत. सव्वीसच्या चकत्यांचा हा परिणाम.

४ एप्रिल

नवीन चकत्या, २७.३ मिमी, व्हर्निअरने मोजून. सहाव्या फेरीला कट्ट आवाज आणि चाक जाम. उलटं फिरवून दोर बाहेर ओढला तर तीन चकत्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या फाटलेल्या. पाइप बाहेर काढून प्रत्येक जोडातून टॉर्च मारून बघितलं, दुसऱ्या जोडात आतल्या बाजूला पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वाळलेला पिवळसर ओघळ, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि बोटाने दाबला तर नखासारखा टणक. मी सॉकेटच्या आत पण सोल्युशन लावलं होतं, पाइप घुसवताना ते पुढे ढकललं जाऊन आत साठलं. आता फक्त पाइपाच्या बाहेरून, पातळ, आणि टोकाचा अर्धा सेंमी कोरडा सोडायचा. शिवाय कापलेल्या टोकांची आतली कड कानसने उतरवायची. दोन जोड कापून परत केले.

७ एप्रिल

२० लिटरला ३१ फेऱ्या, म्हणजे फेरीला ६४५ मिली, ८३ टक्के पाणी वर येतंय. मी मिनिटाला ४० फेऱ्या सहज फिरवते, बादली ४६ सेकंदांत. काकांनी पण फिरवून बघितलं, खूष झाले, म्हणाले, "आता मोटर विकून टाक."

मग आईला बोलावलं. पहिल्या दहा फेऱ्या छान, पाणी वर आल्यावर एकदम जड झालं, तिने दोन्ही हात लावले, अठराव्या फेरीला थांबली. थांबताना हँडल सुटलं. पाइपातल्या सहा किलो पाण्याने चाक उलटं फिरलं आणि हँडल तिच्या मनगटावर आपटलं. सूज आली. हाड ठीक आहे, बर्फ लावला, ती काही बोलली नाही पण मला रात्री झोप लागली नाही. जिच्यासाठी पंप, तिलाच लागलं.

१० एप्रिल

उलटं फिरू नये म्हणून खटका बसवला. आसावर दातेरी चकती, वर एक लोखंडी पट्टी स्वतःच्या वजनाने दातांत पडते. पुढे फिरवताना टक टक टक वाजते, हात सोडला की चाक जागच्या जागी. हे पहिल्या दिवसापासून हवं होतं, जो कोणी करेल त्याने खटक्याशिवाय पहिली फेरीसुद्धा मारू नये.

जडपणाचं कारण सरळ आहे. २८ मिमी पाइपात पाणी ते टोटी असं पावणेदहा मीटर पाणी म्हणजे ६ किलो, ते २० सेंमीच्या त्रिज्येवर, हँडल ३० सेंमीवर, म्हणजे हाताला ४ किलो आणि वर घर्षण. लटकवायचा वजनकाटा हँडलला अडकवून ओढला तर ५.८ दाखवला. आईला एवढं सतत नाही होणार. हँडल लांब केलं तर हलकं होईल पण तिचा हात तेवढ्या मोठ्या गोलात पोचत नाही. म्हणजे पाइप बारीक करणं एवढंच राहतं. आडाखा काय म्हणतो त्यापेक्षा फिरवणारं माणूस कोण आहे हे बघायचं.

१९ एप्रिल

पाऊण इंची पाइप, आतून २२ मिमी, चकत्या २१.३. सगळं परत, तिसऱ्यांदा चकत्या कापल्या, यावेळी दोन तासांत झाल्या. दोर पण बदलला. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की ताणतं, दोर सैल पडून चाकावर घसरत होता, दर चार दिवसांनी तोडून जोडायची वेळ. आता पॉलिप्रॉपिलीन ६ मिमी, पाणी शोषत नाही, ताणत नाही. उन्हात मात्र हा लवकर कुजतो, म्हणून चाकावर पत्र्याचं टोपडं. दोराचा जोड गाठीने केला तर पाइपात अडकतो, पीळ उकलून एकमेकांत विणून केला.

आज २० लिटरला ५० फेऱ्या. काट्यावर ३.५ किलो. पाणी फेरीमागे कमी, पण हात चालत राहतो.

आई मनगटामुळे आज नको म्हणाली. बरोबर आहे.

२ मे

आईने फिरवलं. मिनिटाला पंचवीस फेऱ्यांच्या गतीने, न थांबता, एक बादली सव्वादोन मिनिटांत भरली. तिला फेऱ्या ५७ लागल्या, माझ्यापेक्षा सात जास्त, कारण हळू फिरवलं की कडेने गळायला पाण्याला जास्त वेळ मिळतो. या गतीने २०० लिटरला २३ मिनिटं. ती म्हणाली, "शिवणयंत्र चालवल्यासारखं वाटतं." खटक्याचा टकटक आवाज तिला आवडला, त्यावर मोजते म्हणाली.

भरलेली बादली मात्र तिने उचलायची नाही. टोटीला जाड नळी लावून ती न्हाणीघराच्या पिंपात सोडली आहे, उतार आहे तेवढा.

६ मे

विहिरीवर दोन भागांचं झाकण, दोर आणि पाइपापुरती भोकं. इतके दिवस काम चालू होतं, टायर, दोर, आमचे हात सगळं पाण्यात गेलेलं, म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली. १००० लिटरला २.५ ग्रॅम या मापाने, पाणी आज ४.२ मीटर खोल म्हणजे १९,००० लिटर, तर ४७ ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून पंप उलटसुलट ढवळल्यासारखा फिरवला, खटका उचलून धरून. तासभर थांबून मग वापरलं. प्यायचं पाणी तरीही खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट उकळूनच.

पाणी ४० सेंमी खाली गेलंय, १० मीटरवर. दोर-पंपाला फरक पडला नाही, फक्त पाव-अर्धी फेरी जास्त.

११ जून

काल रात्री पावणेअकराला लाईट गेली, आज संध्याकाळी सहाला आली. मी बाहेरगावी होते, दुपारी पोचले. फोन लागत नव्हता. घरी आले तर पिंप काठोकाठ, भांडी घासून पालथी घातलेली. विहिरीजवळ खिळ्याला वही अडकवली आहे त्यात आईच्या अक्षरात : "पहाटे ५। तीन बादल्या। मधे एकदा बसले। ७ वाजता अजून दोन। एक चकती येताना खडखडते."

संध्याकाळी चाक हळूहळू फिरवून एकेक चकती टोपड्याखाली थांबवून बघितली. अकरावी. वरची गाठ सैल होऊन चकती तिरकी झालीये, कड एका बाजूने झिजून चमकतेय. उद्या बदलते, जास्तीच्या चार कापून ठेवल्या आहेत.